धर्मगुरू आणि कोळ्याची वही

धर्मसंस्थेने गरिबासाठी काय करावे असे कोणी विचारले, तर आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो दानधर्म. भुकेल्याला अन्न द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, हे सगळेच धर्म सांगतात. पण त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावा लागला तर? तो गरीब का राहिला, हे शोधून काढणे धर्मसंस्थेचे काम आहे की नाही? कॅनडा देशातील काही ख्रिस्ती धर्मगुरूंनी ह्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

कॅनडाच्या पूर्वेला, अटलांटिक महासागराच्या काठी, नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या पूर्वभागात स्कॉटलंड, आयर्लंड आणि फ्रान्स येथून पूर्वी गेलेल्या लोकांच्या वस्त्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी ह्या लोकांतले कोणी मासेमारी करीत, कोणी शेती करीत, तर कोणी कोळशाच्या खाणीत उतरत. ह्यांतल्या कोळ्याची स्थिती कशी होती? जाळे, मीठ, पीठ, चहा, सारे तो गावच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उचली. मासळी घालायची तीही त्याच व्यापाऱ्याला. पिठाचा भाव व्यापारी ठरवी आणि मासळीचा भावही तोच ठरवी. हंगाम संपला की वही उघडायची, आणि पाहावे तो बाकी पुन्हा कोळ्याच्याच अंगावर! सावकाराच्या वहीचे किस्से आपल्या घरोघरी ऐकलेले असतात, तेव्हा हे निराळे समजावून सांगायला नको.

ह्या भागात अँटिगोनिश नावाचे गाव आहे. तेथल्या सेंट फ्रान्सिस झेवियर महाविद्यालयात फादर जेम्स टॉम्किन्स हे एक अधिकारी होते. १९२१ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. तिचा आशय असा की, विद्यार्थी दारी येतील म्हणून महाविद्यालयाने वाट पाहत बसू नये. विद्या लोकांच्या दारी न्यावी. पुढे महाविद्यालयांच्या एकीकरणाच्या प्रश्नावर त्यांचे व बिशपांचे पटेना, आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो ह्या दूरच्या मच्छीमार गावी झाली. एका अर्थी ती शिक्षाच होती. पण गरिबी कशी असते, हे त्यांना तेथे रोज उठून पाहायला मिळाले. ते घरोघर जात, लोकांच्या हाती वाचायला काहीतरी ठेवत आणि विचारीत, ह्यावर तुम्ही काय करणार?

१९२७ च्या १ जुलैला कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षे झाली. देशभर उत्सव चालला होता. कॅन्सोचे कोळी मात्र एकत्र जमले आणि आपण आनंद तो कशाचा करायचा, असा सवाल त्यांनी टाकला. धर्मप्रांतातील इतर धर्मगुरूंनी तो सवाल उचलून धरला. सरकारने मासेमारीच्या धंद्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १९२८ साली महाविद्यालयाने लोकशिक्षणासाठी एक स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि तो फादर मोझेस कोडी ह्यांच्या हाती दिला. कोडी हे टॉम्किन्स ह्यांचेच नात्यातले.

कोडींची पद्धत शिक्षक मंडळींनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. आधी गावात मोठी सभा घ्यायची. मग पाच-दहा शेजाऱ्यांचे एकेक अभ्यासमंडळ करायचे. ही मंडळे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसत. पुस्तिका वाचायच्या आणि हिशोब करायचा. आपली मासळी शेवटी कोणत्या भावाने विकली जाते? मधले पैसे कोणाच्या खिशात जातात? पीठ एकत्र मिळून आणले तर काय पडेल? ज्याला वाचता येत नसे, त्याला शेजारी वाचून दाखवी. धर्मभगिनींनी बायकांची मंडळे चालविली आणि पुस्तके गावोगाव पाठविली. थोड्याच वर्षांत अशी शेकडो मंडळे झाली, हजारो लोक त्यांत बसू लागले.

नुसत्या चर्चेवर ते थांबले नाहीत. लिटल डोव्हर ह्या लहान गावच्या कोळ्यांनी रानातून लाकूड तोडून आणले आणि शेवंडे डब्यांत भरण्याचा स्वतःचा कारखाना उभारला. ठिकठिकाणचे कोळी आपली शेवंडे सहकाराने थेट बॉस्टनच्या बाजारात धाडू लागले. १९३० साली मच्छीमारांची एक संयुक्त संघटना झाली. १९३२ साली पतसंस्थांचा कायदा झाला, आणि उधारीची वही व्यापाऱ्याच्या दुकानातून निघून कोळ्यांच्या स्वतःच्या संस्थेत आली. टॉम्किन्स पुढे खाणकामगारांच्या वस्तीत गेले. तेथे अकरा खाणकामगारांच्या कुटुंबांनी १९३८ साली सहकारी पद्धतीने आपापली घरे बांधली. त्या वाडीला लोकांनी टॉम्किन्सव्हिल असे नाव दिले.

ह्यामागे धर्माची प्रेरणा होती, हे उघड आहे. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी जे परिपत्रक काढले होते, त्याचा ह्या धर्मगुरूंवर संस्कार होता. खाणींच्या भागात साम्यवादी पुढाऱ्यांचा जोर वाढत होता, आपले लोक चर्चपासून दुरावतील ही धास्तीही होती. ते लपविण्याचे कारण नाही. पण सहकारी संस्थेचे दार त्यांनी कॅथॉलिकांपुरते ठेवले नाही. प्रॉटेस्टंट शेजारीही त्याच बाकावर बसे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच प्रांतात, शुबेनाकेडी येथे, १९३० ते १९६७ पर्यंत सरकारी पैशावर आणि कॅथॉलिक व्यवस्थेखाली एक निवासी शाळा चालली. तेथील मूळ रहिवासी जे मिगमॉ लोक, त्यांची मुले आईबापांपासून तोडून तेथे ठेवीत. आपली भाषा बोलली म्हणून त्या मुलांना शिक्षा होई. अशा शाळा कॅनडाभर होत्या. २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी कॅनडात जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. धर्म एकच, प्रांत एकच, काळही एकच. मग एवढा फरक का पडला? मला असे वाटते की, स्वयंपाकघरातल्या मंडळात धर्मगुरू प्रश्न विचारी आणि निर्णय कोळी घेत. शाळेत मात्र निर्णय दुसऱ्यांनीच घेऊन टाकले होते. मिगमॉ आईबापांना कोणी विचारलेच नाही. ज्यांचे भले करायचे त्यांना विचारायचे नाही, अशा उपकारात अन्याय शिरायला वेळ लागत नाही.

अँटिगोनिशच्या कामातले सगळेच टिकले असे नाही. पुष्कळ संस्था पुढे मोडल्या. १९९० च्या दशकात तर कॉड मासा संपत आल्यामुळे त्या किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी मोठ्या प्रमाणात बंद करावी लागली. पण १९५९ साली, कोडी वारले त्याच वर्षी, त्यांच्या नावाने अँटिगोनिशला निघालेली शिक्षणसंस्था आजही देशोदेशींच्या कार्यकर्त्यांना शिकवीत आहे.

ह्या गोष्टीचे धागे आपल्यापर्यंतही येतात. वसईच्या कॅथॉलिक समाजाने मोन्सिनियर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकाराने १९१८ सालीच आपली सहकारी पतसंस्था काढली होती. तिचीच पुढे बँक झाली. एकत्र बसून ऐकायचे, बोलायचे आणि मग कामाला लागायचे, ही रीत कॅनडाच्या शेतकऱ्यांनी १९४१ पासून रेडिओपुढे बसून चालविली. तिच्याच धर्तीवर १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत दीडशे श्रोतृमंडळे बसविली. त्या मंडळांत बसलेले म्हातारे कदाचित तुमच्याही गावात भेटतील.

तेव्हा चर्च असो, देऊळ असो, मशीद असो की विहार असो, तेथे जमणाऱ्या मंडळींनी एका संध्याकाळी एवढेच करून पाहावे. आपल्या गावातल्या सर्वांत गरीब घराची वही कोणाकडे आहे, तीत काय लिहिले आहे, हे त्या घरच्या माणसांना सन्मानाने बोलावून, त्यांच्याच तोंडून ऐकावे. दान त्यानंतरही देता येईल.