वेळ अमावस्येचा स्वयंपाक

वेळ अमावस्येचा स्वयंपाक : धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुका व लातूर परिसरातील शेतकरी कुटुंबांची सामूहिक पाकपरंपरा. मार्गशीर्ष अमावस्येच्या या सणाला बोलीत ‘येळवस’ म्हणतात. कर्नाटकातील एळ्ळ अमावास्येशी त्याचे नाते असून, सीमेलगतच्या उमरग्यात ते सहज जाणवते.

मुख्य पदार्थ भज्जी. तुरीचे व वालाचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर असा हंगामातला सारा हिरवा माल चिंच व हिरव्या मिरचीसह शिजवून तो बेसन लावून दाट करतात. खरे कष्ट शिजवण्याचे नाहीत, सोलण्या-निवडण्याचे. म्हणून आदल्या संध्याकाळी लहानथोर सगळे शेंगांभोवती बसतात. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून लसूण-जिऱ्याची आंबील होते. बाजरीचे उंडे वाफवतात. जोडीला गव्हाची गोड खीर व तिळाच्या पोळ्या. मेक्सिकोत नाताळाला नातेवाईक एकत्र जमून मक्याच्या पिठाचे तामाले कणसाच्या पानांत गुंडाळून वाफवतात, तशीच एकत्र राबण्याची रीत येथे ज्वारी-बाजरीवर चालते.

स्वयंपाक घरी होतो, पंगत मात्र रानात. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे प्रतीक म्हणून दगड मांडून पूजा करतात, पिकात आंबील शिंपडतात आणि मगच जेवतात. शेत नसलेल्यांना आग्रहाने बोलावतात.  लातूर व धाराशिव जिल्ह्यांत या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात.