पहिले अचूक अवजार कशाने घडवले?

वर्कशॉपमध्ये बाकाला घट्ट बसवलेला व्हाइस आपण पाहिलेला असतो. त्याचीच, सर्व मापे दहाव्या हिश्शाची असलेली, तळहातावर मावणारी प्रतिकृती घडवायची आहे असे समजा. घरच्या छोट्या लेथवर अशी इवलीशी पण चालणारी अवजारे करणे हा जुना छंद आहे. त्याला वाहिलेले 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक इंग्लंडमध्ये १८९८ साली सुरू झाले. हे काम मोठा व्हाइस करण्यापेक्षा सोपे की अवघड?

हिशेब करून पाहू. मोठ्या व्हाइसचा स्क्रू २० मिलिमीटर व्यासाचा असेल तर छोट्याचा २ मिलिमीटर. मोठ्या स्क्रूचे आटे सुमारे दीड मिलिमीटर खोल असतात. नटात बाजूने ०.२ मिलिमीटर फट राहिली तरी काम अडत नाही. छोट्या स्क्रूचे आटे मात्र जेमतेम पाव मिलिमीटर खोल. तेवढीच फट तिथे राहिली तर आटे एकमेकांना धरणारच नाहीत. अवजार लहान झाले तरी हाताची चूक लहान होत नाही. शिवाय स्क्रूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. व्यास दहावा हिस्सा झाला की बळ शंभरावा हिस्सा होते. पिळणारी बोटे मात्र तीच राहतात.

म्हणून येथे अचूक लेथ लागतो. पण तो लेथ ज्या यंत्रावर झाला, ते यंत्र कोणी अचूक केले? आणि त्याआधीचे?

१८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने स्क्रू कापण्याचा लेथ सिद्ध केला. त्यात हत्यार कारागिराच्या हातात नसून सरकत्या बैठकीवर पक्के बसवलेले होते, आणि एक लांब स्क्रू त्या बैठकीला ठरावीक गतीने पुढे नेत असे. मॉड्स्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडली. तीन ओबडधोबड पट्ट घ्यायचे. एकाला रंग लावून दुसऱ्यावर टेकवायचा, जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. दोनच पट्ट घेतले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते एकमेकांत चपखल बसतील. तिसरा पट्ट ही लबाडी उघडी पाडतो. तिघेही आळीपाळीने एकमेकांशी जुळायचे तर तिघांनाही सपाटच व्हावे लागते. अचूक नमुना हाती नसतानाही केवळ तुलनेतून अचूकपणा निर्माण झाला, तो असा.

वऱ्हाडात ही विद्या कापसामागून आली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि येथील कापसाला मागणी वाढली. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरला पोचली. पुढे जिनिंगचे कारखाने उभे राहिले. मॅकार्थीने १८४० मध्ये शोधलेल्या जिनमध्ये चामड्याचा रूळ रुई ओढतो, रुळाला टेकलेले स्थिर पाते सरकी अडवते आणि हलते पाते तिला झटकून सोडवते. पाती नीट लागलेली नसतील तर सरकी फुटते, धागा दुखावतो आणि रुईचा भाव उतरतो. सुटा भाग विलायतेहून येईपर्यंत हंगाम थांबत नाही. त्यामुळे लेथ आणि फिटर जवळपास असणे ही गरजच होती. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना स्थापन झाला आणि देशी लेथ मिळू लागले.

आज अमरावतीत किंवा अकोल्यात एखाद्याने घरी छोटा लेथ मांडला, तर तोही याच साखळीची कडी ठरेल. यंत्र विकत मिळेल. ते खरे चालते का, हे मात्र ज्याचे त्याने तपासायचे असते. ही सवय वर्गातही लावता येते. दोन फूटपट्ट्यांच्या कडा एकमेकींना टेकवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला नाही तर दोन्ही सरळ आहेत का, असे मुलांना विचारा. बहुतेक जण 'हो' म्हणतील. मग तिसरी फूटपट्टी त्यांच्या हाती द्या, आणि पुढचे त्यांनाच शोधू द्या.