सुरतेची वाट
मुंबईहून सुरतेस निघालेली आगगाडी भाईंदरची मिठागरे मागे टाकून वसईची खाडी ओलांडते. पुढे वैतरणा, दमणगंगा, पार, अंबिका, पूर्णा अशा नद्या एकामागून एक येतात, आणि ताडांच्या रांगा व आमराया पाहता पाहता तापीकाठ येतो. मोगलांच्या काळी मोठी जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवालीस नांगरत व तेथून माल शहरात येई.

१६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे मराठी माणसास पाठ असते. परंतु एवढ्याने ती बुडाली असे समजणे बरोबर नव्हे. १६८७ साली इंग्रज कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. मोगल सत्ता खिळखिळी होताच मागचा मुलूखही व्यापारास असुरक्षित झाला, आणि तापी गाळाने भरत गेली. १८३७ साली तर आग व महापूर एकाच वर्षी आले. कितीतरी पारशी व वाणी घराण्यांनी मुंबई जवळ केली.

१८६४ साली लोहमार्गाने मुंबई सुरतेस जोडली, तेव्हा लक्ष्मी केव्हाच दक्षिणेस गेली होती. जरीचे कारागीर मात्र गावीच राहिले. येवल्याच्या पैठणीस लागणारी जर आजही सुरतेहून येते.