दुष्काळातला भरवसा

बेला-जैनथ भागातल्या आपल्या मराठी गावांत सप्ताह बसला की तुकोबांचे अभंग होतातच. पेरणी करून पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला ते फार धीर देतात. पण देवावरचा हा भरवसा तुकोबांना भरल्या कणगीजवळ बसून आलेला नव्हता, हे आपण विसरतो.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. शाहजहानच्या दरबारी इतिहासात तो नोंदलेला आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवर पडलेली प्रेते पाहिली. पाऊस नव्हता आणि त्यात लढाई. बादशहाचा तळ बुऱ्हाणपुरात होता; बैलांच्या तांड्यांवरून धान्य फौजेकडे जाई. बादशहाने लंगर उघडले, सारा माफ केला, पण भूक त्याहून मोठी होती. १६३१ मध्ये मोगलांनी कंधारचा किल्ला घेतला, तो आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला. (पुढे मोगलांच्या तेलंगणा सुभ्याचे ठाणे नांदेड आणि मुख्य किल्ला हाच कंधार. आजचा तेलंगणा वेगळा!)

देहूत तुकोबा तेव्हा ऐन विशीत होते. घरात व्यापार आणि सावकारी. आई-वडील आधीच गेलेले. दुष्काळात धंदा बसला, पत गेली, थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला, असे परंपरा सांगते. पत्नीच्या मृत्यूविषयी आणि त्या वेळच्या लाजेविषयी तुकोबांनी स्वतःच्या अभंगात लिहिले आहे. या वेळी देव धान्य घेऊन धावून आला, असे ते कुठेही म्हणत नाहीत. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्यानंतर त्यांनी पडझड झालेले विठोबाचे देऊळ नीट केले. कर्जखतांपैकी धाकटा भाऊ कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, अशी कथा आहे. म्हणजे ज्या गावात लोक दाण्याला महाग झाले होते, तिथे काही घरांवरचे देणे एका दिवसात फिटले. कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजारात बी-खताची उधारी डोक्यावर घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला या कागदांचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी पत्नी जिजाई मात्र चिडे. कीर्तनकार तिच्यावर विनोद करतात, ते मला पटत नाही. लेकरे तिच्यापुढे होती. आज चुलीवर काय ठेवायचे, हा प्रश्न तिचा होता आणि तो खराच होता. तरीही भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात बसलेल्या नवऱ्याला शोधत ती भाकरी घेऊन जाई. एकदा वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि विठोबाने येऊन तो काढला, असे वारकरी सांगतात. काटा निघाल्यावर ती उठली आणि भाकरी घेऊन डोंगर चढू लागली.