दुकानाचा उंबरठा

कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. ही वार्ता शाहू छत्रपतींच्या कानी गेली. महाराज लवाजम्यासह त्या दुकानापाशी थांबले, त्यांनी चहा मागविला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावला. ही हकीकत आपणांस ठाऊकच आहे. परंतु राजाची गाडी पुढे निघून गेल्यावर इतर हजारो दुकानांचे काय, हा प्रश्न उरतोच. तो पुढे कायद्याला सोडवावा लागला आणि सोडविताना त्याची गाठ धर्मस्वातंत्र्याशी पडली.

त्या काळच्या उपाहारगृहाच्या मालकाला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. इतिहास सांगणाऱ्याने तसे करू नये. स्पर्शाने विटाळ होतो, ही त्याची बहुधा प्रामाणिक समजूत होती. तो घरी सोवळे पाळी, तेच दुकानात पाळी. मात्र त्याच्या श्रद्धेत धंद्याचा हिशेबही बेमालूम मिसळलेला होता. एकाला आत घेतले तर दहा जण उठून जातील, ही धास्ती धर्माची म्हणावी की गल्ल्याची? अस्पृश्याच्या हातचे नाणे पाणी शिंपडून का होईना, पण घेतले जाई. कपबशी मात्र त्याच्या हाती जात नसे.

घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हा विषय निघाला. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची स्थाने यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव असू नये, असे कलम पुढे होते. तेच पुढे पंधरावे झाले. दुकान म्हणजे नेमके काय, असे सभासदांनी विचारले. डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की जो कोणी मागेल त्याला आपली सेवा देण्यास मालक जेथे सिद्ध असतो, ते दुकान. नुसते आत पाऊल ठेवू देणे एवढाच याचा अर्थ नव्हे. अटी मान्य असतील तर सेवाही दिली पाहिजे. वादाचे सारे मर्म या व्याख्येत आले आहे, असे मला वाटते. घरच्या चुलीजवळ कोणाला बसवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु रस्त्यावर पाटी लावून ज्याने साऱ्या गावाला बोलावले, त्याला आलेल्यांपैकी एकालाच जातीवरून परत धाडता येत नाही.

मग श्रद्धेच्या स्वातंत्र्याचे काय? ते पंचविसाव्या अनुच्छेदात आहे; पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या आणि त्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन राहून. या अखेरच्या शब्दांमुळे उपाहारगृहाच्या मालकाची धर्माची सबब आधीच निकालात निघाली होती. देवळांची गोष्ट इतकी सरळ नव्हती. संप्रदायांना अधिकार देणाऱ्या सव्विसाव्या अनुच्छेदात 'इतर तरतुदींच्या अधीन' हे शब्द नाहीत. त्यामुळे मुल्की येथील गौड सारस्वतांच्या वेंकटरमण मंदिराचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ च्या निकालाने मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. तथापि काही विशिष्ट विधी संप्रदायाच्या लोकांपुरते राखण्यास मुभा मिळाली. देवाला जी सवलत मिळाली ती चहावाल्याला मिळाली नाही, आणि हे योग्यच झाले; चहा पाजणे हा काही विधी नव्हे.

पंधराव्या अनुच्छेदात शिक्षा सांगितलेली नाही. ती आली १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपाहारगृहातील भांडीदेखील त्यात नावानिशी आली. इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर माल वा सेवा मिळते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी व त्याच अटींवर ती मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. मागल्या दाराने, निराळ्या कपात दिलेला चहा म्हणजे दिलेला चहा नव्हे! शिवाय, ज्याला डावलले तो अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. तसे नव्हते हे दुकानदाराने सिद्ध करावयाचे. दूध संपले, जागा नाही, अशा सबबींचे पीक येणार, हे कायदा करणारांनी ओळखले होते. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि धर्माचा, तत्त्वज्ञानाचा वा इतिहासाचा आधार देऊन अस्पृश्यतेचे समर्थन करणे हेही तिला चिथावणी देणे ठरले.

अमेरिकेतही हाच वाद झाला. दक्षिण कॅरोलिनातील एका खानावळींच्या मालकाने, काळ्या लोकांना सेवा देण्यास भाग पाडणे हे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, असे म्हणून १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला आव्हान दिले. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा एका तळटीपेत, उघडच पोकळ म्हणून, बाजूस सारला.

आपल्याकडे मात्र 'दुकान' हा शब्द पुढे बराच वाढला. २०११ साली खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशांविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या त्याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला आणि खाजगी शिक्षणसंस्थाही त्या शब्दाच्या कक्षेत आणल्या. त्याआधी, २००५ साली, केवळ पारशांनाच सभासद करून घेणाऱ्या अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा नियम याच न्यायालयाने वैध ठरविला होता. तेथे कोणी पाटी लावून गावाला बोलावलेले नव्हते; पण घरे मात्र अनेकांची होती.