मराठी अक्षरें व बदलतीं यंत्रें

अहमदनगर शहराला लागून भिंगार नांवाचें जुनें गांव आहे. शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. भिंगारचें नांव मात्र होतें तेंच राहिलें. औरंगजेब बादशहाचा अंत १७०७ सालीं ह्याच परिसरांत झाला; पुढें इंग्रजी अमदानींत येथें लष्कराची छावणी वसली. ह्या गांवाचें नांव मोडी कागदांवर लिहिलें गेलें, शिशाच्या खिळ्यांनीं छापलें गेलें, टंकलेखनयंत्रावर उमटलें, आणि आतां तें मोबाईल फोनच्या कांचेवर दिसतें. शब्द साधा व लहान. परंतु एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जातांना मराठी अक्षराला कोणत्या अडचणी सोसाव्या लागल्या, हें समजून घेण्यास तो पुरेसा आहे.

अडचण ‘भि’ ह्या पहिल्याच अक्षरांत आहे. उच्चारांत आधीं भकार येतो व मागून इकार; कागदावर मात्र इकाराची वेलांटी भकाराच्या डावीकडे, म्हणजे त्याच्या आधीं, बसते. तिच्या माथ्यावर पुन्हां अनुस्वार. हातानें लिहिणाराला ह्यांत कांहींच अवघड वाटत नाहीं. यंत्राला वाटतें, कारण यंत्र एकापुढें एक चिन्ह ठेवीत जातें. आधींचें मागें आणि मागचें आधीं करण्याची कला त्याला कोणी तरी शिकवावी लागते.

छापखान्याच्या काळीं ही कला जुळाऱ्याच्या बोटांत होती. विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यांत देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. अहमदनगरास अमेरिकन मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें व १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. मुंबईस जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराच्या खिळ्यांनीं मराठी वाचकाच्या डोळ्याला सुबक अक्षराचें वळण लावलें. जुळाऱ्यापुढें शेंकडों घरांची पेटी असे. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें यांचे खिळे त्यांतून वेंचून तो ओळ बांधी. काम कष्टाचें होतें, पण त्यांत एक निश्चिंती होती. एकदां कागदावर शाई उमटली कीं अक्षर कायम झालें. तो कागद भिंगारास वाचला काय किंवा बडोद्यास वाचला काय, वेलांटी आपली जागा सोडीत नसे.

पुढें टंकलेखनयंत्र व ओळजुळणीचीं यंत्रें आलीं, आणि घरांची संख्या आटली. थोड्या कळांत एवढी लिपी बसवावी कशी, हा प्रश्न उभा राहिला. त्याचें एक उत्तर असें निघालें कीं, यंत्र बदलत नसेल तर लिपीनेंच बदलावें. विनायक दामोदर सावरकर यांनीं लिपिशुद्धीचा पुरस्कार करून ‘अ’च्या बाराखडीनें सर्व स्वर लिहावे असें सुचविलें, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकानें ती पद्धति कित्येक वर्षें चालविली. १९५३ सालीं लखनौस भरलेल्या परिषदेनें तर ऱ्हस्व इकाराचें चिन्हच अक्षराच्या उजवीकडे आणण्याची सूचना केली. तसें झालें असतें तर भिंगारांतील वेलांटी भकाराच्या पलीकडे गेली असती व यंत्रांचें काम पुष्कळ सोपें झालें असतें. पण लोकांच्या डोळ्यांनीं ती सूचना मानली नाहीं, आणि ती मागें पडली. लिपी ही पिढ्यान् पिढ्यांची संवय असते. ती यंत्राच्या सोयीसाठीं सहसा मोडत नाहीं.

संगणकानें ह्या प्रश्नाची मांडणीच पालटली. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें ‘जिस्ट’चें काम पुढें, १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेकडे आलें. ह्या कामामागचें तत्त्व असें कीं, शब्द सांठवावा उच्चाराच्या क्रमानें आणि रेखाटावा लिपीच्या नियमानें. भकार, इकार, अनुस्वार, गकार, आकार, रकार अशा सहा क्रमांकांनीं भिंगार हा शब्द सांठविला जातो. वेलांटी डावीकडे नेण्याचें काम रेखाटणाऱ्या यंत्रणेचें. हाच विचार १९९१ च्या ‘इस्की’ ह्या भारतीय मानकांत आला, आणि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधींच्या आवृत्तीवरून घेतली. तरीही मराठी कचेऱ्या व छापखाने पुष्कळ वर्षें आपापल्या निराळ्या टंकांतच काम करीत राहिले. एका टंकांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या संगणकावर उघडावें, तों तेथें अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. विंडोज २००० बरोबर देवनागरी युनिकोडची सोय घरोघरच्या संगणकांत आली, आणि तिच्यासाठीं ‘मंगल’ हा टंक घडविला रघुनाथ कृष्ण जोशी ह्या मराठी सुलेखनकारानें.

येथें छापील कागद व संगणक यांतील मुख्य भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कागद अक्षराची आकृति वाहून नेतो. संगणक केवळ क्रमांक पाठवितो, आणि आकृति काढण्याचें काम घेणाऱ्या यंत्रावर सोंपवितो. घेणारें यंत्र जुनें असेल, त्याला नियम ठाऊक नसतील, तर निर्दोष लिहिलेला मजकूरही सदोष दिसतो. २०१० च्या सुमारास बाजारांत असलेल्या अनेक मोबाईल फोनांवर हेंच होई. ‘भिंगार’ मधील वेलांटी भकारानंतर लटके, जोडाक्षरें फुटून हलन्ताचे पाय उघडे पडत, आणि कित्येक फोनांवर तर नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत.

ॲप तयार करणारांनीं ह्यावर नाना उपाय काढले. कोणी टंक ॲपच्या पोटांतच घालून दिला. पण नियम न जाणणाऱ्या फोनाला केवळ टंक देऊन जोडाक्षरें जुळत नाहींत. ‘ऑपेरा मिनी’ ह्या न्याहाळकानें अशा लिपींतील मजकूर चित्र म्हणून पाठविण्याची सोय ठेवली होती. चित्र कोठेंही सारखें दिसतें, परंतु त्यांतील शब्द शोधतां येत नाहीं, उतरून घेतां येत नाहीं, आणि अंध मनुष्याला फोन तो वाचूनही दाखवूं शकत नाहीं. अखेर भारत सरकारनें २०१६ सालीं आदेश काढून, देशांत विकल्या जाणाऱ्या मोबाईल फोनांवर घटनेनें मानलेल्या बावीसही भाषा वाचतां आल्याच पाहिजेत, असा दंडक घातला.

इतकें झाल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं, कारण मानकही वाढत जातें. ‘ॲप’ हाच शब्द पाहावा. त्यांतील ‘ॲ’ हें स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्यें २००८ सालच्या ५.१ ह्या आवृत्तींत आलें. तत्पूर्वीं लोक ‘अ’वर चंद्र देऊन तें साधीत. नव्या पद्धतीनें लिहिलेला ‘ॲप’ जुन्या यंत्रावर रिकाम्या चौकटीनें सुरू होतो. जुन्या पद्धतीचा ‘ॲप’ नव्या यंत्रावर दिसतो, पण शोधणाराला सांपडेलच असें नाहीं. दोन्ही दिसावयास एक, आणि यंत्राच्या लेखीं दोन.

याहून नाजूक गोष्ट मराठीच्या अर्ध्या रकाराची. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. आचार्यास दक्षिणा द्यावयाची असते, आचाऱ्यास स्वयंपाक सांगावयाचा असतो. हिंदीला हा भेद लागत नाहीं, मराठीला त्यावांचून चालत नाहीं. युनिकोडच्या आरंभींच्या आवृत्तींत हा रकार अदृश्य असें जोडचिन्ह वापरून लिहीत. पुढें नुक्तायुक्त ‘ऱ’ ला हलन्त देऊन लिहिण्याची रीत ठरली. जुना मजकूर वाया जाऊं नये म्हणून जुनी रीतही मान्य ठेविली गेली. हें शहाणपणाचें झालें. पण त्यामुळें एकच आकृति दोन क्रमावलींनीं लिहितां येऊं लागली. एखाद्या यादींत ‘कऱ्हाडकर’ हें नांव एका रीतीनें नोंदलेलें असेल आणि शोधणारानें दुसऱ्या रीतीनें विचारलें, तर डोळ्यांपुढें असलेलें नांव यंत्र ‘नाहीं’ म्हणून सांगेल. जमिनीचा उतारा, शाळेचा दाखला, रुग्णाची नोंद ह्या ठिकाणीं अशा ‘नाहीं’ ची किंमत मोठी असते. यास्तव चांगलें ॲप तुलना करण्यापूर्वीं दोन्ही रीती एका सांच्यांत आणून घेतें.

ॲपच्या धंद्यांत ह्या सावधपणाचे कांहीं नियम झाले आहेत. प्रणालीची कोणती जुन्यांतली जुनी आवृत्ति चालेल, हें आधींच जाहीर करावें; फोनच्या अंगीं एखादी शक्ति आहे असें गृहीत न धरतां ती आहे कीं नाहीं हें त्याला विचारावें, आणि नसल्यास साधा मार्ग ठेवावा; नव्याबरोबर जुन्या व स्वस्त फोनांवरही काम तपासावें. ह्याला खर्च पडतो. फार जुन्या प्रणालींना सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत नाहींत, म्हणून केव्हां तरी त्यांना निरोपही द्यावा लागतो. पण तो निरोप कोणाला दिला जातो, याचा विचार व्हावा. घरांत नवा फोन येतो तो मिळवत्याच्या हातीं. जुना जातो आजीकडे, धाकट्या भावंडाकडे किंवा घरकामाच्या बाईकडे. आवृत्ति बंद झाली म्हणजे प्रथम दार लागतें तें ह्यांना.

युनिकोडनें १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एक वचन पाळलें आहे: अक्षराला एकदां दिलेला क्रमांक परत घ्यावयाचा नाहीं. शिशाच्या खिळ्यांना जी निश्चिंती कागदामुळें लाभली होती, तिची जागा आतां अशा वचनांनीं घ्यावयाची आहे. मराठी ॲप घडविणारानें तें बाजारांत आणण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत जुन्या फोनावर भिंगार, दऱ्या आणि ॲप हे तीन शब्द लिहून, वाचून व शोधून पाहावे. तिन्ही नीट उतरले, तर पुष्कळसें काम साधलें असें समजण्यास हरकत नाहीं.