इंग्लिस दांपत्य आणि आनेइत्युम भाषेचा ग्रंथ

मिशनऱ्यांनी रचिलेल्या व्याकरणांशी मराठीच्या अभ्यासकाचा परिचय जुना आहे. गोव्यातील रायतूर येथे १६४० मध्ये छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण आणि बंगालमधील सेरामपूर येथून १८०५ मध्ये निघालेले विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु या ग्रंथांच्या मागे लक्षावधी भाषिक होते. मराठीच्या बाबतीत तर शतकानुशतकांची ग्रंथपरंपराही उभी होती. मुद्रण तेथे आधीच वाहत असलेल्या प्रवाहाला येऊन मिळाले. एकोणिसाव्या शतकात प्रशांत महासागरातील लहान बेटांवर घडले ते निराळे. तेथे ज्या भाषेला प्रथमच लिपी लाभत होती, त्या भाषेचे बोलणारेच झपाट्याने नाहीसे होत होते. या दोन क्रियांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका बेटाच्या व एका दांपत्याच्या आधारे तपासावयाचा आहे.

आनेइत्युम हे आजच्या वानुआतु राष्ट्रातील, म्हणजे पूर्वीच्या न्यू हेब्रिडीज द्वीपसमूहातील, दक्षिणेकडील अखेरचे वसते बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस किलोमीटर आहे. येथील लोक पाटाच्या पाण्यावर अळूचे कंद पिकवीत. चंदनाच्या व्यापारामुळे १८४० नंतर बेटाचा बाह्य जगाशी संबंध वाढला. १८४४ मध्ये जेम्स पॅडन या व्यापाऱ्याने आनेल्गौहात बंदरालगत आपले ठाणे वसविले. सामोआ व रारोटोंगा या बेटांवरील ख्रिस्ती शिक्षक त्याच सुमारास येथे उतरविले गेले होते. या पॉलिनेशियन शिक्षकांचे काम पुढील इतिहासात बहुधा दोन ओळींत आटोपले जाते, हे अन्यायाचे आहे. १८४८ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातून जॉन गेडी व त्यांच्या पत्नी शार्लट हे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले, ते या पूर्वतयारीवरच पाय रोवून उभे राहिले. गेडींनी भाषेला रोमन लिपी दिली आणि सोबत आणलेल्या लहानशा छापखान्यावर पुस्तिका छापावयास सुरुवात केली.

जॉन इंग्लिस व त्यांच्या पत्नी जेसी हे १८५२ मध्ये त्यांना येऊन मिळाले. स्कॉटलंडच्या रिफॉर्म्ड प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना १८४४ मध्ये प्रथम न्यूझीलंडला धाडले होते. आनेइत्युमला ते आले तेव्हा इंग्लिस यांनी चाळिशी ओलांडली होती. नवी भाषा शिकण्याचे हे वय नव्हे, असे सामान्यतः मानले जाते. गेडी दक्षिण किनाऱ्यावर आनेल्गौहात येथे होते; इंग्लिस दांपत्याने उत्तरेकडील आनामे हे ठिकाण निवडले आणि सुमारे पाव शतक तेथे संसार केला. पती मेल्यावर त्याच्या विधवेचा गळा आवळून तिला मारण्याची रूढी या बेटावर होती. ती याच काळात बंद पडली. शाळा, शिवण व मुलींचे शिक्षण ही कामे मिशनरींच्या पत्नींकडे असत. ग्रंथांच्या मुखपृष्ठावर जेसींचे नाव नाही. परंतु ग्रंथाला वाचक लागतात आणि वाचक शाळेत तयार होतात. या दृष्टीने त्या ग्रंथांच्या निर्मितीत त्यांचा वाटा गौण मानता येत नाही.

अनुवादकासमोर ठाकलेली भाषा कशी होती? तिची नामे बहुतांशी ‘न’ किंवा ‘इन’ या ध्वनींनी सुरू होतात, कारण मूळचे उपपद नामाला कायमचे चिकटून गेले आहे. वाक्यात क्रियापद प्रथम, कर्म नंतर आणि कर्ता शेवटी येतो. खरी कसोटी सर्वनामांची. एकवचन व अनेकवचन यांच्या जोडीला येथे द्विवचन आणि त्रिवचनही आहे. प्रथमपुरुषात श्रोत्याला समाविष्ट करणारे रूप वेगळे आणि त्याला वगळणारे रूप वेगळे. मराठी वाचकास हा भेद ‘आपण’ व ‘आम्ही’ यांवरून चटकन समजेल. ग्रीक किंवा इंग्रजी पाठावरून काम करणाऱ्यास तो प्रत्येक ओळीत अडवितो. प्रभूच्या प्रार्थनेत ईश्वरालाच संबोधावयाचे असल्याने वगळणारे रूप हवे. मराठीतही तेथे ‘आमच्या’ म्हणावे लागते, ‘आपल्या’ म्हटल्यास अर्थ बिघडतो. त्यापुढे जाऊन, नव्या करारातील ग्रीकमध्ये केवळ दोन वचने असल्याने, ‘तुम्ही’ म्हणजे दोघे, तिघे की पुष्कळ, हे प्रसंग पाहून ठरवावे लागे. मूळ ग्रंथ ज्याविषयी मौन बाळगतो, त्याविषयी अनुवादाला बोलणे भाग पडते. अशा ठिकाणी निर्णयाचा खरा आधार म्हणजे जन्मापासून ही भाषा बोलणारा माणूस. म्हणून हे अनुवाद एकट्या मिशनऱ्यांचे होते असे मानणे भाषाशास्त्रीय दृष्ट्याही चूक ठरते.

नव्या कराराचे हस्तलिखित सिद्ध झाल्यावर मुद्रण करवून घेण्यासाठी इंग्लिस दांपत्य ब्रिटनला गेले. सोबत विल्यामू नावाचा बेटावरील एक गृहस्थ होता. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. लंडनमध्ये मुद्रणाची खटपट चालू असता, १८६१ मध्ये, आनेइत्युमवर गोवराची साथ आली. या रोगाशी त्या लोकांच्या शरीराची कधीच ओळख नव्हती. काही महिन्यांतच सुमारे एक-तृतीयांश लोक दगावले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शेजारच्या एरोमांगा बेटावर, साथीचा ठपका परकीयांवर ठेवून, जॉर्ज व एलन गॉर्डन या मिशनरी दांपत्याची हत्या झाली. आनेइत्युमवर तसे घडले नाही. परंतु नवा करार घेऊन इंग्लिस दांपत्य परतले, तेव्हा ज्यांच्यासाठी तो छापला होता त्यांतील पुष्कळजण हयात नव्हते.

याच्या जोडीने दुसरी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या ग्रंथांचा खर्च बेटावरील लोकांनी स्वतः दिला, आणि तो आरारूटच्या रूपाने. येथील रानकंद किसून, त्याचा कडवटपणा जाईपर्यंत पुनःपुन्हा पाण्यात धुऊन, तळाशी बसलेले सत्त्व उन्हात वाळवीत. आपल्याकडील तवकीर करण्याची रीत जाणणाऱ्यास ही क्रिया अपरिचित वाटणार नाही. हे पीठ मिशनमार्फत परदेशी विकले जाई. संपूर्ण बायबलसाठी अशा प्रकारे सुमारे १,२०० पौंड दिले गेले, असा आकडा मिशनच्या साहित्यात येतो. हा आकडा तेथे भक्तीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखीही काही दिसते. पैशाचा व्यवहार जेमतेम सुरू झालेला समाज, माणसे घटत असताना, वर्षानुवर्षे सामुदायिक श्रम करून एक वस्तू विकत घेतो. तेव्हा ती वस्तू त्याला केवळ दान म्हणून मिळाली असे म्हणता येत नाही. तो ग्रंथ त्यांच्या मालकीचा होता.

पुढील काळ ओहोटीचा आहे. १८६३ पासून क्वीन्सलँडच्या मळ्यांसाठी या द्वीपसमूहातून मजूर नेण्यास प्रारंभ झाला. गेडी १८७२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील जीलाँग येथे वारले. १८७५ च्या मार्चमध्ये भूकंप व समुद्राच्या लाटांनी बेटाला तडाखा दिला. साठी उलटलेले इंग्लिस जेसींसह बेट सोडून ब्रिटनला परतले, ते जुन्या कराराच्या मुद्रणासाठी. हा भाग १८७० च्या दशकाच्या अखेरीस पुरा झाला. मिशनच्या आरंभकाळी सुमारे साडेतीन ते चार हजार असलेली लोकसंख्या तोवर दीड हजाराच्याही खाली आली होती. विश्रांतीच्या वयात इंग्लिस यांनी १८८२ मध्ये व्याकरणाच्या रूपरेषेसह आनेइत्युम–इंग्रजी व इंग्रजी–आनेइत्युम असा शब्दकोश लंडनमध्ये प्रसिद्ध केला, आणि १८८७ मध्ये आपल्या आठवणी. बेटावरील घट मात्र थांबली नाही. १९४० च्या सुमारास तेथे दोनशेहूनही कमी लोक उरले होते. गेडींच्या काळात सुमारे हजार माणसांसाठी बांधलेल्या दगडी चर्चचे भग्नावशेष या विषमतेचे माप म्हणून पुरेसे आहेत.

या इतिहासाचे मूल्यमापन दोन टोकांना जाऊन केले जाते. एका पक्षाला त्यात केवळ धर्मविजय दिसतो, दुसऱ्याला केवळ विनाश. नॉर्मा मॅकआर्थर व मॅथ्यू स्प्रिग्ज यांनी १९७० नंतर लोकसंख्या व शेतीपद्धती यांचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यामुळे हे साधे निष्कर्ष टिकत नाहीत. साथ चर्चने आणली नाही. परंतु ज्या जहाजांच्या दळणवळणाने साथी आल्या, त्याच दळणवळणाच्या आधाराने मिशनही टिकून होते. इंग्लिस दांपत्याच्या आयुष्याचे मोल ठरविताना ही गुंतागुंत दृष्टिआड करता येत नाही.

भाषेपुरते मात्र काही निश्चित म्हणता येते. ती मेली नाही. लोकसंख्या सावरली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे सुमारे नऊशे भाषिक होते. जॉन लिंच यांचे व्याकरण २००० मध्ये, आणि त्यांनी फिलिप तेपाहाए यांच्या सहकार्याने केलेला शब्दकोश २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आता अभ्यासक तिला ‘आनेजोम’ म्हणतात. १८८२ च्या कोशाशी हा नवा कोश ताडून पाहिला म्हणजे सव्वाशे वर्षांत काय टिकले व काय गळाले हे तपासता येते. दक्षिण प्रशांतातील फार थोड्या भाषांना अशी सोय लाभली आहे. नव्या कोशाच्या मुखपृष्ठावर बेटावरील सहकाऱ्याचे नाव आले, हा दोन कोशांमधील सर्वांत महत्त्वाचा फरक होय. जुन्या ग्रंथांवर विल्यामूचे नाव नाही, जेसींचे नाही, आणि आरारूट वाळविणाऱ्या स्त्रियांचेही नाही. मिशनकालीन व्याकरणे वाचताना ही न लिहिलेली नावे शोधणे हे अभ्यासकाचे पहिले काम असले पाहिजे.